जोडप्याची नोंद

फोनमधील पत्त्यांची वही हा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण आणि जागतिक राजकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे खिशातल्या यंत्रात नावे कशी लिहावीत हे सांगण्याचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की, मोठी कामे पुष्कळदा लहान नोंदींपाशी अडतात. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत ज्यांचा लोकांशी नित्य संबंध येतो, त्या शिक्षकांना, आशा सेविकांना, अंगणवाडीच्या ताईंना, वकिलांना आणि रेशन दुकानदारांना हे निराळे सांगावयास नको. फोनमध्ये नंबर असतो, तो लागतोही. परंतु पलीकडून बोलणारा माणूस भिवंडीकडच्या वीटभट्टीवर असतो आणि जिच्याशी बोलावयाचे ती बाई इकडे पाड्यावर असते. नोंद खोटी नसते, अपुरी असते.

तेव्हा प्रश्न असा : नवरा आणि बायको यांची नोंद वहीत एक करावी की दोन? दोन करावयाच्या तर त्यांचे नाते यंत्राला कसे सांगावे? आणि दोघांचे जे सामाईक आहे, म्हणजे घर, पाडा, कधी एकच फोन, ते कोणाच्या नावापुढे लिहावे?

प्रथम जुन्या वहीकडे पाहू. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आले. कार्डावर घरातील कर्त्या पुरुषाचे नाव, खाली गाव, तालुका आणि जिल्हा एवढे लिहिले की काम भागे. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्यात पिन क्रमांकाची भर पडली; जव्हारचा ४०१६०३ आणि मोखाड्याचा ४०१६०४. पोस्टमन कार्ड दारात देई, घरात जो साक्षर असेल तो मोठ्याने वाची आणि मजकूर साऱ्यांना कळे. लग्नपत्रिकेचेही तेच. पाकिटावर एक नाव घालून आत ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हटले की आमंत्रण पुरे झाले. पत्ता घराचा होता, म्हणून वहीत घरटी एक ओळ पुरत असे. पुढे तारेचा टेलिफोन आला, त्यानेही हा नियम मोडला नाही. घंटा घरात वाजे. ज्याने उचलला त्याने हाक मारून दुसऱ्याला बोलवावे.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि तेथून हा नियम हळूहळू मोडत गेला. नंबर भिंतीवरून उतरला आणि खिशात गेला. घराला दार एक असते, पण जोडप्याला खिसे दोन असतात, आणि दिवसाचे आठ-दहा तास, कधी वर्षाचे सहा-सात महिने, ते दोन खिसे दोन ठिकाणी असतात. आपली लिहिण्याची सवय मात्र पोस्टकार्डाच्या काळातलीच राहिली. ती टिकायला आरंभीच्या फोनांनीही हातभार लावला. सिम कार्डात शे-दोनशे, फार तर अडीचशे नावांपुरती जागा असे. प्रत्येक नावाला मोजकीच अक्षरे मिळत, आणि देवनागरीत लिहिले तर आणखी कमी. तेवढ्यात जे बसेल ते लोक लिहीत : ‘सोमा पाडा’, ‘सोमा बायको’, ‘सोमा नवीन’. आज फोनमध्ये एका माणसाविषयी पानभर मजकूर मावतो, तरी आपण लिहितो ते ‘सोमा बायको’च.

आता आपल्या भागाची परिस्थिती ध्यानात घेऊ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. त्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. येथील गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. एका महसुली गावाचे पाच-सहा पाडे असतात आणि दोन पाड्यांच्या मध्ये डोंगर किंवा ओहोळ असतो. फोनच्या वहीत पत्त्याला ‘रस्ता’ आणि ‘शहर’ असे रकाने दिलेले असतात. पाड्याला रस्त्याचे नाव नसते, आणि नुसते गावाचे नाव लिहिले तर शोधणारा माणूस पावसाळ्यात भलत्याच पाड्यावर जाऊन उभा राहतो. तेव्हा येथे पत्त्यात पाड्याचे नाव आधी आले पाहिजे.

दुसरी गोष्ट नावांची. जुन्या पिढीत जन्मवारावरून नावे ठेवण्याची चाल होती. सोमा, मंगळ्या, बुध्या. मुलींमध्ये सोमी, मंगळी, बुधी. वार सातच, शिवाय एकेका गावात आडनावेही मोजकी. त्यामुळे एकाच वहीत चार सोमा सहज सापडतात आणि मग ‘सोमाची बायको’ याही चार होतात. पुरुषाच्या नावाला निदान बापाचे नाव जोडून तो वेगळा करता येतो. पण जिची ओळखच दुसऱ्याच्या नावावर टेकलेली आहे, ती चौघींत कशी निवडावी?

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर भात आणि नागलीची कामे उरकली की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि इतर मजुरीला भिवंडी, वसई, कल्याण या बाजूला जातात. शिमग्याला काही दिवस घरी येतात आणि पावसाच्या तोंडावर कायमची परततात. कधी जोडीने जातात, कधी नवरा एकटा जातो आणि बायको लेकरांसह मागे राहते. घरात फोन एकच असेल तर तो बहुधा जाणाऱ्याच्या खिशात जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरायचा मोबाइल फोन जवळ असलेल्या स्त्रियांचे प्रमाण साऱ्या भारतात सुमारे ५४ टक्के आढळले. म्हणजे शंभरातल्या शेहेचाळीस जणींना गाठायचे असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरूनच गाठावे लागत होते. तो दुसरा कोण, आणि तो आज कोठे आहे, हे वहीत लिहिलेले नसेल तर नंबर असून नसल्यासारखाच.

चौथी गोष्ट लग्नाची. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून येथील कित्येक जोडपी विधी न करता एकत्र संसार थाटतात आणि पुढे कधीतरी, काही वेळा मुले झाल्यावर, सामुदायिक विवाहात लग्न लावून घेतात. वारल्यांमध्ये लग्न लावणारी धवलेरी ही स्त्रीच असते हे पुष्कळांना ठाऊक आहे. समाज या जोडप्यांना नवरा-बायको मानतो. कागदावर मात्र बाईचे नाव तिच्या बापाच्या नावाने आणि आडनावानेच चालू असते. ‘सौ.’ लिहावे की न लिहावे, आडनाव कोणते घालावे, अशा घोळात कारकून सापडतो आणि शेवटी तिची नोंदच टाळतो.

नोंद टाळण्याचा परिणाम किती दूर जातो याचे एक मोठे उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत होत्या. कित्येक ठिकाणी, विशेषतः उत्तर भारतात, स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्यांनी सांगितले आणि याद्यांत तसेच लिहिले गेले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. स्वतःचे नाव लागलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. नावे दुरुस्त करण्यास वेळ देण्यात आला, तरीही देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर यादीबाहेर राहिली. त्या वेळी या निर्णयावर टीका झाली. परंतु पुढच्या निवडणुकांत स्त्रियांनी नावे सांगितली आणि याद्या सुधारल्या. ‘अमक्याची बायको’ हे नाते आहे, नाव नव्हे, आणि नात्यावर माणूस ओळखता येत नाही, हा धडा त्या यादीने देशाला दिला. आमच्या मते फोनच्या वहीलाही तोच धडा लागू आहे.

आजची मतदारयादी उघडून पाहिली तर जोडप्याची नोंद कशी करावी याचा एक नमुनाच हाती येतो. नवरा आणि बायको यांना स्वतंत्र अनुक्रमांक असतात. प्रत्येकाचे स्वतःचे नाव आधी येते. त्याखाली नात्याच्या रकान्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. घर क्रमांक मात्र दोघांचा एकच. माणसे दोन, नाते एक, घर एक. आणि तिन्हींना निरनिराळी जागा.

कायद्यानेही हा विवेक ठिकठिकाणी केलेला दिसतो. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की, हक्कधारक विवाहित असेल तर वनजमिनीवरील हक्काची नोंद पती आणि पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे करावी. आपल्या दोन्ही तालुक्यांत वनपट्ट्यांचे महत्त्व काय आहे हे सांगावयास नको. येथे जमीन सामाईक, म्हणून नोंदही सामाईक. तरीही पट्ट्यावर नावे दोन लिहावयाची, ‘सपत्नीक’ असे म्हणून चालत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ठरवली. ज्या दुकानदाराच्या फोनमध्ये अजून फक्त पुरुषांचीच नावे आहेत, त्याच्या वहीतला कुटुंबप्रमुख आणि शिधापत्रिकेवरचा कुटुंबप्रमुख यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरवून दिला आहे. उद्या शाळेत येणाऱ्या मुलाच्या नावातच आईवडील दोघेही असतील. शिक्षकाच्या वहीत ते दोघे नकोत काय?

या विवेचनातून एकच नियम निघतो : जे एकाचे आहे ते त्याच्या नोंदीत, जे दोघांचे आहे ते घराच्या नोंदीत, आणि दोघांना जोडणारा धागा नात्याच्या रकान्यात.

आता यंत्राला हे समजते काय, ते पाहू. फोनमधील एका माणसाची नोंद एका फोनातून दुसऱ्यात जाते ती ‘व्हीकार्ड’ नावाच्या ठरीव नमुन्यात. हा नमुना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, १९९५ च्या सुमारास तयार झाला. त्याची तिसरी आवृत्ती १९९८ साली आणि चौथी २०११ साली प्रसिद्ध झाली. या नमुन्यात नावाचे पाच भाग मानले आहेत : आडनाव, स्वतःचे नाव, मधले नाव, आधी लागणारी उपाधी आणि मागून लागणारी उपाधी. आपले बापाचे किंवा पतीचे नाव मधल्या नावाच्या जागी बसते, ‘श्री.’, ‘श्रीमती’, ‘डॉ.’ ही उपाधीच्या जागी बसतात. हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याचा लाभ असा की वही आडनावाप्रमाणे लावा वा नावाप्रमाणे, यंत्र स्वतःच क्रम लावून देते. एकाच रकान्यात ‘श्री व सौ सोमा’ असे सगळे कोंबले तर सारी जोडपी ‘श्री’ या अक्षराखाली एका रांगेत उभी राहतात आणि वहीचा उपयोग संपतो.

व्हीकार्डच्या चौथ्या आवृत्तीत नात्याचा रकाना आला. त्यात पती किंवा पत्नी, मूल, आईबाप, भावंड ही नाती तर आहेतच; त्याखेरीज ‘एकत्र राहणारा’, ‘शेजारी’ आणि ‘तातडीच्या वेळी कळवायचा माणूस’ असेही प्रकार आहेत. यंत्र लग्नाचा दाखला मागत नाही. ज्यांचे लग्न लागावयाचे राहिले आहे त्या जोडप्यालाही हा रकाना तितकाच खुला आहे. याच आवृत्तीत ‘गट’ नावाची एक निराळी नोंद करण्याची सोय केली आहे. गटाला स्वतःचे नाव असते आणि त्यात सभासदांच्या नोंदींकडे बोट दाखवलेले असते. ही सोय समजावण्यासाठी त्या मानक ग्रंथात जे उदाहरण दिले आहे ते एका कुटुंबाचेच आहे : ‘डो कुटुंब’ ही गटाची नोंद, आणि खाली जॉन डो व जेन डो या दोन व्यक्तींच्या दोन स्वतंत्र नोंदी. नमुना रचणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता आणि त्यांनी त्याचे उत्तर ‘दोन माणसे अधिक एक घर’ असेच दिले. मात्र एक व्यावहारिक अडचण आहे. मानकात आहे ते सगळेच प्रत्येक फोनमध्ये उतरलेले नाही. नात्याचा रकाना बहुतेक नव्या फोनांत सापडतो, पण पुष्कळदा तो ‘आणखी’ असे लिहिलेल्या बटणामागे दडलेला असतो; आणि गटाची खरी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. तेव्हा जे हाती आहे त्यातून काम कसे साधावे ते क्रमाने सांगतो.

समजा, एका पाड्यावर सोमा आणि बुधी असे जोडपे आहे. त्यांच्या दोन नोंदी करा. सोमाच्या नोंदीत त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. बुधीच्या नोंदीत प्रथम तिचे स्वतःचे नाव, आणि मधले नाव व आडनाव ती स्वतः जे सांगेल ते. ती माहेरचे सांगेल तर माहेरचे लिहा. दोन्ही नावे चालत असतील, म्हणजे आधार कार्डावर एक आणि बोलण्यात दुसरे, तर कागदावरचे नाव मुख्य रकान्यात घालून दुसरे टोपणनावाच्या रकान्यात घाला. शोधताना दोन्ही नावांनी ती सापडेल. ‘सौ.’ ही उपाधी आम्ही गाळण्याचा सल्ला देतो. ती नवऱ्याच्या हयातीवर अवलंबून असल्यामुळे एके दिवशी दुःखद रीतीने खोटी ठरते. ‘श्रीमती’ कायम टिकते.

नंतर नाते. सोमाच्या नोंदीत नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ निवडून बुधीचे पूर्ण नाव, बुधीच्या नोंदीत ‘पती’ निवडून सोमाचे. धागा दोन्ही बाजूंनी बांधावा. एकाच बाजूने बांधला तर बुधीकडून सोमा सापडेल, पण सोमाकडून बुधी सापडणार नाही. नात्याचा रकाना नसेलच तर टिपणाच्या जागेत पहिल्याच ओळीत ‘पती : सोमा’ असे लिहावे, शोधयंत्र टिपणही वाचत असेल तर तेवढ्याने भागते. तुमचा फोन ते वाचतो की नाही, हे एकदा शोधून पाहावे.

मग फोन नंबर. येथेच सर्वांत अधिक गोंधळ होतो. दोघांचे दोन नंबर असतील तर प्रश्न नाही. नंबर एकच असेल, तर तो ज्याच्या खिशात असतो त्याच्या नोंदीत लिहावा आणि दुसऱ्याच्या नोंदीत नंबर न लिहिता टिपण करावे : ‘फोन नाही, पतीच्या फोनवर. पती बाहेरगावी असल्यास शेजारच्या घरी’. शेजाऱ्याचे नाव नात्याच्या रकान्यात ‘शेजारी’ म्हणून घालावे आणि त्याचा नंबर त्याच्या स्वतःच्या नोंदीत असावा. एकच नंबर दोन नोंदींत घातला की दोन संकटे उभी राहतात. फोन आला म्हणजे कोण बोलत आहे याविषयी यंत्र गोंधळते आणि आपण भलत्याच नावाने हाक मारतो. शिवाय काही फोन आणि काही सेवा सारखे नंबर वा सारखी नावे पाहून ‘या दोन नोंदी एकच दिसतात, एकत्र करू काय?’ असे विचारतात. घाईत ‘होय’ दाबले गेले की दोन माणसांचा एक माणूस होतो. अशा एकत्रीकरणात बहुधा बुधी सोमात विरते, सोमा बुधीत विरत नाही, हे सांगावयास नकोच. तेव्हा तसा प्रश्न आला की वाचून मगच बोट टेकवावे.

त्यानंतर घर. ज्यांचे काम घराशी आहे, म्हणजे अंगणवाडी, शिधावाटप, घरपट्टी, लग्नाची आमंत्रणे, त्यांनी तिसरी नोंद घराची करावी. तिचे नाव पाड्यापासून सुरू व्हावे : आधी पाडा, मग ओळखीची खूण, मग दोघांची नावे. या नोंदीत पत्ता, नकाशातील जागा, आणि खरोखरच घरात राहणारा एखादा सामाईक फोन असेल तर त्याचा नंबर. ज्यांचे काम घराशी नाही त्यांनी तिसरी नोंद करू नये. दोन नोंदींत पत्ता तोच लिहिला की पुरे. उगाच वही फुगवण्यात शहाणपण नाही.

लेबलांविषयी थोडे. लेबल म्हणजे पुष्कळ नोंदींना एका दोरीत ओवण्याची सोय. काही लोक प्रत्येक जोडप्याला एक लेबल देतात. शंभर जोडप्यांची शंभर लेबले झाली की दोरीच सापडत नाही. लेबल पाड्याचे असावे, किंवा कामाचे असावे : ‘गरोदर माता’, ‘सहावीचे पालक’, ‘हंगामात बाहेर’. एका माणसाला अनेक लेबले लावता येतात. येथे दोन नोंदींचा लाभ ध्यानात येतो. सोमा ‘हंगामात बाहेर’ आणि बुधी ‘गरोदर माता’. एकाच नोंदीत ही दोन्ही लेबले लावली असती तर गरोदर माता बाहेरगावी गेली आहे असा उलटाच अर्थ निघाला असता.

शेवटची बाब तारखेची. येथील नंबर फार बदलतात. रिचार्ज संपतो, सिम पडून राहते, हंगामात दुसरे घेतले जाते. न वापरलेला नंबर कंपनीला निदान ९० दिवस बंद करता येत नाही. त्यानंतर मात्र तो बंद होऊन पुढे भलत्याच माणसाला दिला जाऊ शकतो. म्हणून नंबर खरा असल्याची खात्री ज्या दिवशी केली ती तारीख टिपणात लिहावी. दिवाळीपूर्वी एकदा आणि शिमग्याला एकदा, लोक घरी असताना, वही तपासून घ्यावी. नाव लिहिताना लिपीही एकच ठेवावी. काही नोंदी देवनागरीत आणि काही इंग्रजी अक्षरांत असल्या की एकच माणूस वहीच्या दोन टोकांना दोनदा दिसतो, आणि जुना नंबर एकीकडे व नवा दुसरीकडे राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संसारात जे बदल होतात त्यांत आहे. नवरा वारला, की वहीतून त्याचे नाव पुसले जाते. नोंद एकच असेल तर त्या नावाबरोबर बाईही पुसली जाते. आणि तेही नेमके अशा वेळी, जेव्हा वारसनोंद, शिधापत्रिका आणि विधवा निवृत्तिवेतन यांसाठी तिला गाठण्याची सर्वांत अधिक गरज असते. दोन नोंदी असतील तर सोमाच्या नोंदीत काय झाले ते लिहावयाचे, बुधीची नोंद आहे तशी उभी राहते. जोडपे विभक्त झाले तरी तेच. संयुक्त नोंद फाडता येत नाही. धागा मात्र सोडता येतो.

दुसरे उत्तर गोपनीयतेचे. बाईच्या तपासणीचा निकाल, तिच्या बँक खात्याचा निरोप, किंवा घरात मारहाण होत असल्याबद्दल तिने मागितलेला सल्ला, हे सारे नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर गेले तर काय होईल ते सांगावयास नको. नंबर कोणाच्या हाती असतो हे नोंदीत स्पष्ट असेल तर निरोप देणारा सावध होतो. त्याच न्यायाने, दुसऱ्यांची घरगुती माहिती टिपणात लिहिताना आपणही हात आखडता ठेवावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. स्वतःच्या घरगुती उपयोगासाठी ठेवलेल्या वहीला तो लागू नाही, पण संस्थेच्या वहीची गोष्ट वेगळी. आणि कायदा असो वा नसो, आजार, कर्ज, भांडण यांची टिपणे ज्या फोनला कुलूप नाही त्यात ठेवू नयेत. नोंद करताना त्या माणसाला विचारावे : ‘नाव कसे लिहू? नंबर कोणाचा? मी नसलो तर दुसऱ्या कोणाला दिला तर चालेल काय?’ या प्रश्नांना एक मिनिट लागते.

तिसरे उत्तर या भूमीच्या स्मृतीत आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यामागची कारणे दारिद्र्य, उपासमार, आजार, रस्त्यांचा अभाव अशी मोठी होती. पत्त्यांच्या वहीने ती नाहीशी होणार नाहीत, आणि तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु तेव्हापासून या भागात जे जे काम झाले आहे, त्याच्या मुळाशी एकच धडपड आहे, ती म्हणजे आईपर्यंत वेळेवर पोहोचण्याची. लसीकरणाचा दिवस कळवायचा तो तिला. बाळाचे वजन घटले हे सांगायचे ते तिला. रात्री कळा सुरू झाल्या तर १०८ ची गाडी कोणत्या पाड्याखाली उभी करायची हे विचारायचे तेही तिच्याच घरी. त्या घरी फोन कोणाजवळ आहे याची नोंद आधी झालेली असेल तर अर्धा तास वाचतो, आणि पावसाळ्यातल्या रात्री अर्ध्या तासाला मोल असते.

ज्यांना हे विवेचन पटले असेल त्यांनी सगळी वही एकदम हाती घेऊ नये. हजार नावांची वही एका दिवसात सुधारत नाही आणि अर्धवट सोडलेली अधिक गोंधळ करते. आपल्या वहीत ‘बायको’, ‘मिसेस’, ‘वहिनी’, ‘ची आई’ हे शब्द टाकून शोधावे. जेवढ्या नोंदी निघतील तेवढ्या स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत असे समजावे. रोज त्यांतल्या पाच घ्याव्या, फोन करावा आणि विचारावे. आधी नाव, मग नंबर कोणाजवळ असतो ते, मग नात्याचा धागा, मग पाडा. महिन्याभरात दीडशे नोंदी होतात. जव्हार-मोखाड्याच्या एका शाळेतील सर्व पालकांना किंवा एका अंगणवाडीच्या क्षेत्रातील सर्व जोडप्यांना एवढे पुष्कळदा पुरून उरते.